टूल ३ आणि ऑफसेट १३ : यात चूक काहीच नाही

सीएनसी लेथ (धातूचे गोल भाग कापणारं, प्रोग्रामवर चालणारं मशीन) शिकणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर चार 'नियमांचा' एक मेसेज फिरतोय. टूल आणि ऑफसेटचा (टूलचं टोक कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदीचा) नंबर सारखाच हवा, नाहीतर अलार्म येतो. टूलचं काम संपलं की लगेच टी कोडचे शेवटचे दोन आकडे शून्य करा, मशीन सेफ. ऑफसेट घेतला की नोज रेडियस (टूलच्या टोकाची गोलाई) आपोआप धरला जातो. एक्सच्या (व्यासाच्या दिशेच्या) वेअरमध्ये, म्हणजे झिजेसाठीच्या बारीक दुरुस्तीत, मापातल्या फरकाच्या निम्मा आकडा टाका. चारही विधानं चुकीची आहेत, आणि दुसऱ्यापायी टूल चकवर (जॉब, म्हणजे कापायचा भाग, धरणाऱ्या पकडीवर) जाऊ शकतं.

फॅनुक कंट्रोलवर टी०३०३ या कोडमधले पहिले दोन आकडे टरेटचं (टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्याचं) स्टेशन सांगतात, शेवटचे दोन ऑफसेटची ओळ. सारखे नंबर ठेवणं ही चांगली सवय आहे, पण सक्ती नाही. टी०३१३ चालतं, ऑफसेट नंबर मशीनवरच्या ओळींपेक्षा मोठा दिला तरच अलार्म येतो. आणि याची गरज रोज पडते. एकाच शाफ्टवर दोन बेअरिंग सीट (बेअरिंग बसण्याच्या जागा) आहेत, फिनिशिंग टूल एकच. टेलस्टॉककडची सीट बरोबर, मधली पंधरा मायक्रॉन जास्त. एकाच ऑफसेटवर मधली सुधारायला गेलात की पहिली बिघडते. म्हणून पहिल्या सीटला टी०३०३, दुसरीला टी०३१३. टूल जॉबपासून लांब असताना ऑफसेट बदलायचा, टरेट फिरत नाही. ग्रूव्हिंग टूलचंही तसंच : डाव्या कोपऱ्याला एक ऑफसेट, उजव्याला दुसरा, झेडमधला (लांबीच्या दिशेतला) फरक इन्सर्टच्या (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याच्या) रुंदीएवढा. सीमेन्स कंट्रोलवर तर टूलला टी आणि ऑफसेटला डी असे वेगळे शब्दच आहेत.

खरी काळजी वेगळीच घ्यायची. काही मशीनवर जॉमेट्री (टूलच्या टोकाची मूळ जागा) टूल नंबरवरून घेतली जाते आणि वेअर ऑफसेट नंबरवरून. काहींवर दोन्ही ऑफसेट नंबरवरूनच. हे पॅरामीटरवर ठरतं. दुसऱ्या प्रकारात जॉमेट्रीची १३ नंबरची ओळ रिकामी राहिली, तर टूल भलतीकडेच जाईल. ती ओळ भरल्याशिवाय सायकल स्टार्ट दाबू नका.

आता टी०३००. त्याने वेअर जातो तशी, पॅरामीटरप्रमाणे, अनेक मशीनवर जॉमेट्रीही जाते, म्हणजे टूलचं टोक कुठे आहे हे मशीनला कळत नाही. पुढच्या ओळीत एक्स५० झेड२ असेल, तर सेटिंगप्रमाणे कुठे ओव्हरट्रॅव्हल (हद्दीबाहेर गेल्याचा अलार्म) येईल, कुठे टूल सरळ जॉबमध्ये घुसेल. काही मशीनवर तर टीच्या ओळीवरच स्लाइड सरकते. आधी टूल बाहेर काढा, होमला न्या, मग शून्य करा. बोअरिंग बार (भोकाच्या आत कापणारं टूल) असेल तर आधी झेड बाहेर आणि मगच एक्स.

नोज रेडियसची भरपाई जी४१ किंवा जी४२ दिल्यावरच होते. ऑफसेट पानावर रेडियस ०.८ आणि टिप नंबर (टोक कुठल्या दिशेला आहे तो आकडा) ३ भरून ठेवला, तरी हे कोड नसतील तर टेपर आणि रेडियसवर माप चुकणारच. सरळ व्यासावर फरक दिसत नाही, म्हणून हा गैरसमज टिकतो.

आणि निम्मा आकडा? आपल्याकडच्या बहुतेक लेथवर एक्सचा ऑफसेट व्यासातच धरला जातो. ३०.०० हवंय, ३०.०४ आलं, तर वेअरमध्ये ०.०४ वजा करा. आधीच -०.०३ असेल तर बेरीज -०.०७ व्हायला हवी. त्यासाठी 'प्लस इनपुट' दाबा. नुसतं 'इनपुट' जुना आकडा पुसून टाकतं, आणि पुढचा जॉब ३०.०३ येतो.