चालतं मशीन मोडीत का काढू?
आज पुन्हा तेच. गिऱ्हाईक समोर उभं, लग्नपत्रिकेचं प्रूफ उघडलेलं आणि अख्ख्या स्क्रीनवर सूचना: विंडोज १०चा सपोर्ट संपला, नवा पीसी घ्या. अरे, का म्हणून? नौपाड्यातल्या माझ्या दुकानातलं मशीन इंटेलच्या सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरवर मस्त पळतंय. १६ जीबी रॅम आहे, एसएसडी टाकून घेतलीय. पण विंडोज ११ला साधारण आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, म्हणून हे अपात्र!

१४ ऑक्टोबर २०२५ला सपोर्ट थांबला, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद. वाढीव सुरक्षा अपडेट घेतले तर ऑक्टोबर २०२६पर्यंत ढकलता येतं. पुढे?

भाचा म्हणतो, "मामा, काहीतरी करून अकरा टाकून देतो." टाकशील रे, पण डोंगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर, चालणारं माझं जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर त्यावर उघडलंच नाही तर? वीस वर्षांच्या फायली आहेत त्यात. एक जोडाक्षर फुटलं तरी पत्रिकेवर नवरीचं नाव चुकतं, आणि तिच्या आईसमोर मला उभं राहावं लागतं. नव्या मशीनला पैसे काय झाडाला लागलेत?

आणि त्या सूचनेवर 'नंतर आठवण करा' एवढंच बटण. 'नको' म्हणायची सोयच ठेवलेली नाही!