रोझ हॉलची 'गोरी चेटकीण': ढकलसंदेशातली ॲनी आणि दफ्तरातली ॲनी

जमैकाहून परतल्यावर मी घरच्या ग्रुपवर रोझ हॉल या तिथल्या जुन्या ऊसमळ्यावरच्या वाड्याचे चार फोटो टाकले. तासाभरात मावशीचा एक लांबलचक ढकलसंदेश आला आणि त्याखाली प्रश्न: 'अगं, रात्री नाही ना थांबलात तिथे?' पुढच्या आठवड्यात तोच मजकूर आणखी दोन ठिकाणांहून माझ्याकडे आला. कॅरिबियनच्या क्रूझवर जाणाऱ्या मराठी मंडळींत तो बराच फिरतोय असं दिसतं.

मजकूर थोडक्यात असा. ॲनी पामर ही गोरी मुलगी हैतीत वाढली, तिथे दाईकडून वूडू शिकली. जमैकात येऊन रोझ हॉलची मालकीण झाली. तीन नवऱ्यांना तिने विष देऊन, भोसकून, उकळतं तेल कानात ओतून मारलं. गुलामांना प्रियकर करून घेतलं आणि मन भरल्यावर संपवलं. शेवटी १८३१ च्या उठावात टाकू नावाच्या गुलामाने गळा दाबून तिचा जीव घेतला. तिची कबर बागेतच आहे, खोल्यांमधलं सामान तिच्या काळातलं आहे आणि आरशात अजून तिचा चेहरा दिसतो. मजकुराचं शेवटचं वाक्य आहे, 'ही सत्यकथा आहे.'

ही सत्यकथा नाही. मावशीला मी फोनवर सांगितलं, पण मुद्दे बरेच आहेत, म्हणून इथे लिहिते.

हैती आणि वूडूपासून सुरुवात करते. ॲनी मेरी पॅटरसन जमैकातल्याच हॅनोव्हर पॅरिशमधल्या पॅटरसन कुटुंबातली. पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा. स्कॉटिश वंशाचं हे मळेवाल्यांचं घराणं. मार्च १८२० मध्ये तिचं लग्न जॉन रोझ पामरशी झालं. तिचं बालपण हैतीत गेल्याचा कुठलाही पुरावा नाही. हे हैती-प्रकरण आलं ते हर्बर्ट जॉर्ज डी लिसर यांच्या 'द व्हाइट विच ऑफ रोझहॉल' या १९२९ च्या कादंबरीतून. डी लिसर हे किंग्स्टनच्या 'ग्लीनर' या मोठ्या वृत्तपत्राचे संपादक होते आणि गोष्ट रंगवण्यात त्यांचा हातखंडा होता. टाकू हे पात्रही त्याच कादंबरीतलं. मावशीला आलेला मजकूर म्हणजे त्या कादंबरीचं कथानक आहे, फक्त 'कादंबरी' हा शब्द वाटेत गळून पडलाय.

वूडूबद्दल आणखी थोडं. वूडू हा हैतीतल्या लाखो लोकांचा धर्म आहे. बाहुलीत सुया टोचण्याचा खेळ नव्हे. जमैकात त्याच्या जवळची जी परंपरा होती तिला ओबिया म्हणतात: औषधी, ताईत, शपथा, संरक्षणाचे विधी. १७६० मध्ये टॅकीच्या नेतृत्वाखाली गुलामांनी मोठा उठाव केला, तेव्हा ओबिया जाणणाऱ्यांनी लढणाऱ्यांना अंगाला लावायला पूड दिली होती, गोळी लागू नये म्हणून. उठाव चिरडल्यावर जमैकाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी ओबियावर कायद्याने बंदी घातली. मळेवाले ज्या गोष्टीला एवढे घाबरत होते, जी गुलामांची एकजुटीची ताकद होती, तीच ढकलसंदेशात एका गोऱ्या मालकिणीच्या हातात दिली आहे, गुलामांनाच छळायला. हे उलटंपालटं करणं मला सगळ्या मजकुरातलं सर्वांत अन्यायाचं वाटतं.

आता तीन नवरे. ॲनीचा या घरात एकच नवरा झाला, जॉन रोझ पामर. तो १८२७ च्या नोव्हेंबरात वारला, मागे कर्जाचा डोंगर ठेवून. त्याचा खून झाल्याची कसलीही नोंद नाही. मग 'अनेक नवरे' आले कुठून? ते आले रोझा केलीकडून, जिच्या नावावरून या घराला रोझ हॉल म्हणतात. रोझाने १७४६ मध्ये हेन्री फॅनिंगशी लग्न केलं, तो लवकरच वारला. मग जॉर्ज ॲश, तोही गेला. तिसरा नॉरवुड विटर. चौथा जॉन पामर, ज्याच्याशी तिने १७६७ मध्ये लग्न केलं आणि ज्याने १७७० च्या दशकात आज दिसतो तो वाडा उभारला. खर्च तीस हजार पौंडांच्या घरात गेला असं सांगतात. रोझा १७९० मध्ये वारली आणि जॉन पामर तिच्यामागे सात वर्षं जगला. म्हणजे चौथ्याला तिने मारलं नाही हे उघडच आहे. पहिल्या तिघांना मारल्याचाही कुठे मागमूस नाही. अठराव्या शतकातल्या जमैकात पीतज्वर आणि हिवताप यांनी विलायतेहून आलेली माणसं पटापट दगावत. तिथे तीनदा विधवा होणं दुर्दैवाचं होतं, पण अशक्यप्राय मुळीच नव्हतं.

रोझ हॉलजवळच्या मोंटेगो बे शहरातल्या सेंट जेम्स चर्चमध्ये रोझाचं संगमरवरी स्मारक आहे, लंडनचे शिल्पकार जॉन बेकन यांनी घडवलेलं. त्या दगडी बाईच्या गळ्यावर वळ दिसतात, गळा दाबून मेल्याची ती खूण, असं लोक सांगत आले. संगमरवरात शिरा असतात, एवढंच त्याचं उत्तर. पण यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. दंतकथेची पहिली आरोपी ॲनी नव्हतीच, रोझा होती. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की रोझा म्हातारपणी, इभ्रतीने वारली. तिच्या स्मारकावर तिच्या गुणांची स्तुती कोरलेली आहे. मग बोट दुसऱ्या मिसेस पामरकडे वळलं, जी तिच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी सून म्हणून त्या घराण्यात आली.

'पिढ्यान्‌पिढ्या गुलामांच्या वंशजांनी सांगितलेली कथा' असंही मजकुरात आहे. छापील वाट मात्र बरीच वेगळी दिसते. १८६८ मध्ये फालमथ गावच्या एका वृत्तपत्राचे संपादक जेम्स कॅस्टेलो यांनी या कथेची पुस्तिका काढली. १९११ मध्ये जोसेफ शोअर यांनी सेंट जेम्स पॅरिशच्या (रोझ हॉल याच जिल्ह्यात येतं) जुन्या आठवणींमध्ये ती पुन्हा सांगितली. मग आली कादंबरी. अमेरिकन गायक जॉनी कॅश यांचं शेजारच्या सिनॅमन हिलवर घर होतं, त्यांनी ॲनीवर गाणंही केलं. तोंडी कथा मळ्यांवर अजिबात नव्हत्या असं मी म्हणणार नाही. पण आज जी तपशीलवार, विषाच्या बाटलीसकट कथा फिरते, ती लेखणीवाल्यांनी टप्प्याटप्प्याने रचलेली आहे.

आणि ती खोडून काढण्याचं कामही जमैकातच झालंय, बाहेरच्या कुणी येऊन नव्हे. १९६५ मध्ये तिथल्या अभिलेखागारातले जेफ्री येट्स यांनी विवाह, दफन आणि मालमत्तेच्या नोंदी तपासून ॲनीचा खरा जीवनक्रम मांडला. १९६८ मध्ये ग्लोरी रॉबर्टसन यांनी 'जमैका जर्नल'मध्ये त्यावर विस्ताराने लिहिलं. साठ वर्षं होत आली.

त्या नोंदींमधली ॲनी कशी आहे? विधवा, कर्जबाजारी मळ्याची वारस. १८३० मध्ये तिने मळ्यावरचा आपला हक्क सोडला, अवघ्या दोनशे पौंडांना. ज्या वाड्याला तीस हजार लागल्याचं सांगतात, त्याच्या मालकिणीच्या हातात दोनशे! म्हणजे १८३१ च्या डिसेंबरात उठाव पेटला तेव्हा ती रोझ हॉलची मालकीणसुद्धा नव्हती. आणि तेव्हा ती मेली नाही. ती वारली १८४६ मध्ये, आणि तिच्या दफनाची नोंद मोंटेगो बेच्या चर्चच्या वहीत आहे. मे १८४५ मध्ये 'ब्लंडेल हंटर' जहाजातून पहिले हिंदुस्थानी गिरमिट मजूर जमैकाच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हाही ॲनी पामर जिवंत होती. ढकलसंदेशातल्या 'खुना'ला तोवर तेरा वर्षं उलटून गेली होती.

यावरून कबरीचा मुद्दाही निकालात निघतो. बागेत दगडी थडगं आहे, त्याच्या तीन बाजूंना क्रूस आहेत, चौथी बाजू भूत बाहेर यावं म्हणून मोकळी राहिली असं सांगतात. पण चर्चची वही दुसरीकडे बोट दाखवते, आणि माणूस कुठे पुरला हे सांगायला त्या वहीपेक्षा मोठा साक्षीदार नाही.

खोल्यांमधलं सामान तिचं आहे का? नाही. रोझ हॉल विसाव्या शतकात पडझड होऊन भग्न झालं होतं. डेलावेअर राज्याचे माजी उपराज्यपाल जॉन रॉलिन्स यांनी साठच्या दशकात ती जागा विकत घेऊन मोठ्या खर्चाने वाडा पुन्हा उभा केला, आणि तो पाहायला खुला झाला. महोगनीचा तो देखणा जिना, झुंबरं, रेशमी भिंतकागद, युरोपातल्या जुन्या खुर्च्या-पलंग हे सगळं त्या काळाला शोभेल असं जमवलेलं किंवा नव्याने केलेलं आहे. त्यात फसवणूक नाही. जगभरात असेच वाडे सजवतात, आणि मला तो जिना फार आवडला. वरच्या खिडकीतून उताराची हिरवळ आणि पुढे निळा समुद्र दिसतो, ते पाहून मी किती वेळ तिथेच उभी होते. पण 'याच पलंगावर तिने दुसऱ्या नवऱ्याला भोसकलं' हे त्या पलंगाबद्दल म्हणता येत नाही.

आरशातल्या चेहऱ्याबद्दल फारसं लिहीत नाही. जुन्या धाटणीच्या काचेवर मंद दिव्यात फ्लॅश मारला की डाग उठतात, आणि गोष्ट आधी ऐकली असली की डागाला डोळे-नाक फुटतात.

आता ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं त्याकडे येते. मावशी म्हणाली, 'जाऊ दे गं, मजेची गोष्ट आहे, कुणाचं काय बिघडतं?' बिघडतं. हा मजकूर वाचून माणसाला वाटतं की रोझ हॉलवर जे भयानक घडलं ते एका वेड्या, झपाटलेल्या बाईमुळे. ती मेली, संपलं. पण रोझ हॉल हा उसाचा मळा होता आणि त्यावरचा जुलूम कायद्याने, हिशेबाने, शुद्धीवर असलेल्या माणसांनी चालवलेला होता.

१८१७ पासून जमैकात दर तीन वर्षांनी मालकांना गुलामांची नोंद सरकारला द्यावी लागे. नाव, वय, वर्ण, आफ्रिकेत जन्म की बेटावर, आईचं नाव, मधल्या काळातले जन्म आणि मृत्यू. त्या वह्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत. रोझ हॉलची पानंही त्यात आहेत, आणि मळ्याची त्याच काळातली रोजनिशीही टिकून आहे. इतिहासकार सेलिया नेलर यांनी २०२२ मध्ये याच कागदांवरून रोझ हॉलच्या गुलामीतल्या माणसांवर आख्खं पुस्तक लिहिलं. ॲनीच्या काळात त्या मळ्यावर कोण राबत होतं, कुणाची आई कोण, कोणतं मूल कधी गेलं, हे शोधता येतं. भुताची गरज नाही.

ऊसमळ्यावरचं काम कसं होतं हेही माहीत आहे. कुदळीने एकेक चौकोनी खड्डा खणून कांडी लावायची, तीही टोळीने, मागे चाबूकवाला मुकादम. वर्षाच्या सुरुवातीला तोडणी लागली की चरक रात्रंदिवस फिरायचा. ऊस सारताना झोपेने डुलकी लागून हात रुळांत गेला तर तो तोडून माणूस सोडवता यावा म्हणून चरकाशेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. जमैकाच्या ऊसमळ्यांवर जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत, आणि ती तूट आफ्रिकेतून माणसं आणून भरत. हे करायला कुणालाही जादूटोणा यावा लागला नाही.

आणि १८३१ चा उठाव! ढकलसंदेशात तो केवळ टाकूला वाड्यात घुसायला मिळालेली संधी आहे. खरा उठाव सॅम्युएल शार्प या बाप्टिस्ट उपदेशकाने योजला होता, नाताळनंतर मजुरीशिवाय कामाला हात लावायचा नाही, असा संप म्हणून. २७ डिसेंबरच्या रात्री सेंट जेम्सच्या डोंगरात केन्सिंग्टन मळ्यावर आग दिसली आणि वणवा पसरला. साठ हजारांच्या आसपास गुलाम त्यात उतरले असं इतिहासकार मानतात. सरकारने तो चिरडला, तीनशेहून अधिक जणांना मृत्युदंड दिला. शार्पला २३ मे १८३२ ला मोंटेगो बेत फासावर चढवलं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला. भरपाईचे दोन कोटी पौंड मात्र मालकांना मिळाले, राबलेल्यांना छदामही नाही. एका मालकिणीचा गळा दाबणं ही या उठावाची गोष्ट नव्हे.

मावशीने विचारलं, मग जायचं की नाही? जरूर जा, मावशी. वाडा सुंदर आहे, वाटाडे आपुलकीने बोलतात. त्यांना ॲनीची गोष्ट सांगू दे, आणि मग विचार की गुलामांच्या झोपड्या कुठल्या बाजूला होत्या, चरक कुठे होता. आणि त्याच दिवशी मोंटेगो बेच्या मध्यावर सॅम शार्प चौकात जा. तिथे एका कोपऱ्यात 'द केज' नावाची छोटी दगडी कोठडी उभी आहे. पळालेले गुलाम पकडून आणले की त्यात कोंडत. जवळच शार्पचा ब्राँझचा पुतळा आहे, हातात बायबल, आणि त्याच्यासमोर त्याचं बोलणं ऐकणारी माणसं.