चांगले पुस्तक, पण कोणासाठी?

‘वाचण्यासारखे एखादे चांगले पुस्तक सुचवा’ असे कोणी म्हटले की क्षणात वीस-पंचवीस नावे पुढे येतात आणि त्यांतली बहुतेक विचारणाऱ्याने आधीच ऐकलेली असतात. विचारणारी व्यक्ती कोण आहे, तिने आजवर काय वाचले आहे, तिच्याकडे वेळ किती आहे, यांपैकी एकही गोष्ट जाणून न घेता जो तो आपले लाडके पुस्तक पुढे करतो. अशा उत्तरांतून सुचवणाऱ्याची आवड तेवढी कळते. माझे मत असे आहे की शिफारशीची सुरुवात वाचकापासून व्हायला हवी. आणि परीक्षण असे असावे की ज्याची आवड परीक्षकाच्या नेमकी उलट आहे, त्यालाही ते वाचून हे पुस्तक आपल्याला हवे की नको हे ठरवता यावे.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला दुसरा ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ असा आहे आणि तिसरा ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ असा. यांतला तिसरा नियम अधिक अवघड आहे, कारण ज्या पुस्तकाशी आपले अजिबात जमले नाही, त्याचाही कुठेतरी एक वाचक असेल हे त्यात गृहीत धरलेले आहे. परीक्षण लिहिणाऱ्याने हा नियम मनावर घेतला, तर ‘कंटाळवाणे’ हा शब्द लिहिण्याआधी त्याला थांबावे लागते. कंटाळा कशामुळे आला? घटना कमी आहेत म्हणून, वर्णने लांब आहेत म्हणून, की लेखक तेच ते सांगत राहतो म्हणून? पहिल्या दोन गोष्टी एखाद्या वाचकाला हव्याशा वाटू शकतात; तिसरी मात्र बहुतेक वेळा दोषच ठरते.

वाचकाला विषय विचारून फारसे हाती लागत नाही, असे माझे निरीक्षण आहे. ‘मला रहस्यकथा आवडतात’ असे म्हणणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला कोडे सुटण्यात रस असतो आणि दुसऱ्याला त्या कथेतला थकलेला, एकटा तपास अधिकारी आवडलेला असतो. दुसऱ्याला रहस्य नसलेली, पण तशाच एकट्या माणसाची कादंबरी दिली तरी तो खूश होईल. अमेरिकेतील ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांच्या मते वाचक पुस्तकात चार दारांतून शिरतो: कथानक, पात्रे, स्थळकाळ आणि भाषा. पुस्तकागणिक यांतले एखादे दार मोठे असते, एखादे अगदी अरुंद. म्हणून ‘अलीकडे मनापासून आवडलेले पुस्तक कोणते आणि त्यातले काय आवडले?’ एवढे विचारले, तरी माणूस कोणत्या दाराने आत जातो हे बरेचसे उलगडते. न आवडलेल्या पुस्तकाविषयी विचारले, तर आणखीच उलगडते; लोक नावडीबद्दल अधिक नेमके बोलतात.

कथात्म साहित्याचे परीक्षण लिहिताना बहुतेकांची सगळी शक्ती कथानक सांगण्यात खर्च होते. खरे तर पहिल्या चतुर्थांशात जे घडते तेवढे सांगणे पुरेसे असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गोष्ट कोण सांगतो, तो किती दडवतो, गती कशी आहे, भाषा बोलीच्या जवळची आहे की नाही, पुस्तक एका बैठकीत संपण्याजोगे आहे का. विश्राम बेडेकर यांच्या १९३९ सालच्या ‘रणांगण’ला ‘बोटीवरची प्रेमकथा’ म्हटले, तर ते खोटे नाही, पण निरुपयोगी आहे. युद्धाच्या तोंडावर युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, तिच्यावर नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि हे सगळे एका छोट्या, भावना आवरून धरणाऱ्या कादंबरीत, असे सांगितले की हलकेफुलके काही शोधणारा वाचक आपोआप बाजूला होतो आणि ज्याला ते हवे आहे तो पुढे येतो.

वैचारिक आणि माहितीपर पुस्तकांच्या बाबतीत परीक्षकाची जबाबदारी वाढते, कारण तिथे वाचक नुसता वेळ देत नाही, विश्वासही ठेवतो. लेखकाचे म्हणणे कशावर उभे आहे, कागदपत्रांवर, मुलाखतींवर, स्वतःच्या अनुभवावर, की इतरांनी लिहिलेल्या पुस्तकांवर, हे परीक्षणात आलेच पाहिजे. संदर्भ दिले आहेत का, सूची आहे का, हे मुद्दे रुक्ष वाटतील, पण अभ्यासासाठी पुस्तक घेणाऱ्याला तेच हवे असतात. पुस्तक मुळात कोणत्या वर्षी लिहिले गेले हेही सांगावे; आरोग्य, तंत्रज्ञान किंवा अर्थव्यवस्था यांवरचे लेखन लवकर शिळे होते, तर प्रवासवर्णन किंवा आत्मचरित्र जुने झाल्यावर कधीकधी अधिक मोलाचे ठरते. अनुवाद असेल तर तो मूळ भाषेतून आहे की दुसऱ्या अनुवादावरून, संक्षिप्त आहे की संपूर्ण, हे नोंदवावे आणि अनुवादकाचे नाव द्यावे. हे नाव गाळण्याची सवय इतकी रुळली आहे की ते दिलेले दिसले की आश्चर्य वाटते. ‘यशस्वी कसे व्हावे’ छापाच्या पुस्तकांसाठी मी एकच कसोटी लावतो: त्यातल्या यशस्वी माणसांच्या कहाण्या वगळल्या, तर उरते काय? त्याच मार्गाने जाऊन अपयशी ठरलेली माणसे त्या पुस्तकात कुठेच भेटत नाहीत, हेही परीक्षकाने वाचकाच्या कानावर घालावे.

कादंबरी आणि वैचारिक लेखन यांतला भेद वाचकासमोर ठेवायचा असेल, तर १९६७ या एका वर्षात मराठीत आलेली दोन पुस्तके मला फार उपयोगी वाटतात. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कर्णावरची कादंबरी आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ हे महाभारतातील व्यक्तींवरचे लेख. सावंत कर्णाची कहाणी कर्णासह सहा जणांच्या तोंडून सांगतात आणि वाचकाला त्याच्या दुःखात ओढून घेतात. कर्वे मानवशास्त्रज्ञ होत्या. त्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या पाठाचा, आधार घेतात आणि कर्णाला सहानुभूतीची सवलत न देता तपासतात. ज्याला एका व्यक्तिरेखेत बुडून जायचे आहे त्याला ‘मृत्युंजय’ द्यावी, ज्याला वाद घालायला आवडतो त्याला ‘युगान्त’ द्यावे. मात्र कादंबरीतला प्रसंग मूळ महाभारतातलाच आहे असे समजून बोलणारे वाचक कमी नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष थोडाच. कादंबरीची शिफारस करताना ‘ही लेखकाची कल्पना आहे’ एवढे एक वाक्य आपणच खर्च करत नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या बाबतीत तर हे वाक्य छापील इशाऱ्यासारखे सोबत जायला हवे.

अनेक वर्षांनी पुन्हा वाचनाकडे वळणाऱ्या माणसाला आठशे पानांची अभिजात कादंबरी देणे म्हणजे त्याला पुन्हा वाचनापासून तोडणे होय. त्याला कथासंग्रह द्यावा, छोटी प्रकरणे असलेले आत्मकथन द्यावे, काहीतरी संपवल्याचे समाधान मिळू द्यावे. वृद्ध वाचकासाठी अक्षरांचा आकार आणि पुस्तकाचे वजन या गोष्टी आशयाइतक्याच महत्त्वाच्या असतात, आणि ज्यांचे डोळे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी श्राव्य पुस्तक हेही पुस्तकच आहे. मुलांना ‘संस्कारक्षम’ म्हणून जे दिले जाते, त्यातले बरेचसे मोठ्यांनी मोठ्यांच्या समाधानासाठी निवडलेले असते. मुलाने स्वतः उचललेले पुस्तक आपल्याला सामान्य वाटले तरी ते काढून घेऊ नये. दुःखातून जाणाऱ्या माणसाला दुःखावरचे पुस्तक द्यायची घाई मला खटकते. तो मागेल तेव्हा द्यावे.

तारांकित गुणांवर माझा विश्वास नाही. अर्ध्या वाचकांनी पाच तारे आणि अर्ध्यांनी एक तारा दिलेले झणझणीत पुस्तक आणि सगळ्यांनी तीन-तीन तारे दिलेले मिळमिळीत पुस्तक, या दोघांची सरासरी एकच येते. प्रतिकूल मत जरूर लिहावे, पण लेखकाने जे करायचे ठरवलेच नव्हते, ते केले नाही म्हणून त्याला दोष देऊ नये. अमेरिकन लेखक जॉन अपडाइक यांनी परीक्षकांसाठी घालून दिलेला हा नियम मला आजही पुरेसा वाटतो. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली परीक्षकांच्या धंद्यावर लिहिताना म्हटले होते की ज्या पुस्तकांबद्दल मनात काहीच उमटत नाही, त्यांच्याबद्दलही सतत प्रतिक्रिया तयार कराव्या लागतात. पगारी परीक्षकाची ती अडचण होती. आपल्यावर तर कोणाची सक्ती नाही. काही उमटले नसेल तर लिहू नये. पुस्तक प्रकाशकाकडून किंवा लेखकाकडून भेट आले असेल, लेखक मित्र असेल, तर ते पहिल्याच ओळीत सांगावे.

पुस्तक अर्धवट सोडण्याची मुभाही शिफारशीसोबतच द्यावी. पन्नास पाने वाचून पाहा, आणि तुमचे वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करून उरतील तेवढीच वाचा, असा पर्ल यांचाच एक खेळकर नियम आहे. त्या हिशेबाने ऐंशी वर्षांच्या वाचकाने वीस पानांत निकाल द्यावा. मी याला एवढीच जोड देईन की पुस्तक दिल्यावर ‘वाचले का? आवडले का?’ असा तगादा लावू नये. आवडले असेल तर माणूस आपण होऊन बोलतो. नसेल आवडले आणि त्याने तसे मोकळेपणाने सांगितले, तर पुस्तकाची बाजू मांडत बसण्याऐवजी कोणत्या पानावर सोडले हे विचारावे, कारण पुढचे पुस्तक निवडायला तीच माहिती कामी येते.