काल बाळानं काय खाल्लं?

२०२४च्या मार्चमध्ये आमच्या माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस जुंपली होती. निमित्त एका परदेशी नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचं. ९२ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून त्यात एक गोष्ट मोजली होती. ६ ते २३ महिन्यांच्या किती मुलांच्या पोटात आदल्या चोवीस तासांत ना गाईम्हशीचं दूध गेलं, ना डब्यातलं, ना पेज, ना खिमट? भारताचं प्रमाण आलं १९.३ टक्के, म्हणजे जवळपास ६७ लाख मुलं. आपल्याहून वाईट फक्त गिनी आणि माली. अशा मुलांना नाव दिलं होतं 'झिरो फूड'. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं अभ्यास धुडकावून लावला. आईचं दूध म्हणजे अन्न नव्हे काय, आणि आठ कोटींवर मुलांची पोषण ट्रॅकरवरची, म्हणजे अंगणवाड्यांच्या सरकारी अॅपवरची, नोंद का पाहिली नाही, असं त्यांचं म्हणणं.

पुण्याच्या काकांनी लिहिलं, "आपल्या आयांची बदनामी चाललीय." मुंबईच्या आतेभावानं लिहिलं, "लाज वाटायला हवी." मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते, त्यामुळे माझ्या मताला 'तुला तिथे बसून काय कळतंय' हे उत्तर तयारच असतं. तरी सांगते.

नावाबद्दल मंत्रालयाचं चुकलं नाही. दिवसरात्र अंगावर पिणाऱ्या लेकराला 'शून्य अन्न' म्हणणं हा उद्धटपणाच आहे. पण यातली बहुतेक मुलं अंगावर पितात हे संशोधकांनीच सांगितलं होतं. मुद्दा दुधाचा नव्हता, वरचं खाणं सुरूच झालं नाही याचा होता. सहा महिन्यांनंतर नुसतं आईचं दूध पुरत नाही हे कळायला आपल्याला परदेशी नियतकालिक लागत नाही. त्यासाठी आपल्याकडे उष्टावण आहे. आणि आकडे कुणी बाहेरून आणलेले नव्हते, आपल्याच २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले होते. त्याच पाहणीत या वयाच्या, पुरेसा आहार मिळणाऱ्या मुलांचं प्रमाण ११.३ टक्के आहे. ते वाचून कुणी कारस्थान शोधलं नाही. पोषण ट्रॅकरवर वजन-उंची चढते, घरच्या ताटलीत काय पडलं ते चढत नाही.

आता मोजतात कसं? पाहणीवाली बाई घरी येते आणि आईला कालच्या दिवसाबद्दल एकेक पदार्थ विचारते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२१च्या सूचनांप्रमाणे आठ गट आहेत: आईचं दूध, धान्य आणि कंद, डाळी-दाणे, दूधदुभतं, मांस-मासे, अंडी, गाजर-भोपळ्यासारखी अ जीवनसत्त्वाची फळं-भाज्या, आणि बाकीची फळं-भाज्या. आहारात पुरेसं वैविध्य आहे म्हणायला आठांपैकी पाच हवेत. मऊ वरणभात, वाटीभर दूध आणि अंगावरचं मिळून झाले चार. लाल भोपळ्याची फोड कुस्करून दिली की पाच. शाकाहारी घरं यात आपोआप नापास होतात, असंही काका म्हणाले होते. म्हणजे ती तक्रार खरी नाही.

मी माझ्या चौदा महिन्यांच्या मुलासाठी हा हिशोब मांडायला बसले आणि दुसऱ्याच गटाशी अडले. तो दिवसभर नर्सरीत असतो. तिथल्या अॅपवर लिहिलं होतं, 'दुपारचं जेवण: सगळं संपवलं.' काय संपवलं? संध्याकाळी नवऱ्यानं भरवलं, त्याला आठवत होतं ते फक्त केळं. मी आई, मलाच सांगता येईना. आणि इथे मला तेवढ्या तपशिलानं कुणी विचारतही नाही. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी येणारी आरोग्यसेविका, येते, बाळाच्या आरोग्याच्या लाल नोंदवहीत वजन टिपते, सगळं खातो ना म्हणते, जीवनसत्त्वाच्या थेंबांची आठवण करून जाते. या देशात १९७५पासून दर पाच वर्षांनी बाळांच्या आहाराची पाहणी व्हायची. २०१०च्या पाहणीत सहा महिने निव्वळ अंगावरच्या दुधावर राहिलेली मुलं निघाली शंभरात एक. त्यानंतर ती पाहणी कित्येक वर्षं बंद होती. मोजणं थांबवायची चैन श्रीमंतांना परवडते, कारण दुकानात थेंब आहेत, डबे आहेत, आणि न मोजलेलं मूलही सहसा उपाशी राहत नाही. आपल्याला ती परवडत नाही. म्हणून काकांपेक्षा मला आतेभावाचा राग जास्त आला: लाज वाटली, फॉरवर्ड केलं, संपलं.

माझी मावशी अकोले तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. तिला फोन केला तेव्हा ती हसली. "अगं, 'बाळानं काय खाल्लं' विचारलं की बाई 'काही नाही' म्हणणार. भाकरी-भात पोटात गेला तरच ते खाणं. चहात बुडवून बिस्कीट दिलं, ते कुठं सांगते? एकेक उकरून विचारावं लागतं." बिस्कीट घरात पोचतं आणि डाळ पोचत नाही, हेही तिनंच सांगितलं. मग म्हणाली, "आणि विचारायचं कुणाला? आई सकाळीच मजुरीला गेलेली. भरवते आजी, नाहीतर सहा वर्षांची ताई."

मला वाटतं, भांडायचं तर इथे भांडावं. एका दिवसाच्या आठवणीवरून एका मुलाबद्दल काहीच ठरवता येत नाही. हे माप गावाचं, जिल्ह्याचं. त्यात 'काल कुणी भरवलं' आणि 'आई किती तास बाहेर होती' हे दोन प्रश्न घाला. मग आकडा आयांच्या अडाणीपणाचा राहणार नाही, त्यांच्या मजुरीच्या तासांचा होईल, आणि तो मंत्रालयाला जास्त टोचेल.

प्रमाणाचंही तसंच. गटांच्या मोजणीत चमचाभर आणि वाटीभर सारखंच. मावशीकडे आदिवासी भागासाठीच्या सरकारी अमृत आहार योजनेतून अंडी येतात, सात महिन्यांच्या बाळापासून. "तुमच्या कागदावर अंड्यापुढे 'हो' येणार," ती म्हणाली. "पण एक अंडं घरी गेलं की त्याचे तीन भाग होतात. मोठ्या दोघांच्या हातातून उरलं तर धाकट्याला. मी आता पोरालाच काखेत घेऊन यायला सांगते. माझ्यासमोर भरव म्हणते. निम्म्या येतात."