'बाहुली सरकताना बघत बसणं' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'क्रुसेडर किंग्ज ३' या मध्ययुगीन राजघराणं चालवण्याच्या कॉम्प्युटर गेममधला प्रवास आणि दरबारी सोहळे यांवरच्या माझ्या लेखाखाली परवा रात्री तुम्ही प्रतिक्रिया लिहिलीत. नाव लिहिलं नाहीत, म्हणून नुसतं 'तुम्ही' म्हणतो. इतर वाचकांना संदर्भ लागावा यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. प्रवास म्हणजे नकाशावरून बाहुली सरकताना बघत बसणं, त्यात स्ट्रॅटेजी शून्य. त्याच त्या प्रसंगांच्या खिडक्या पुन्हा पुन्हा उघडतात. गेम आधीच सोपा होता, मेजवान्या आणि शिकारींनी आणखी सोपा झाला. बाकी सगळी नटवेगिरी, पैसे वाया गेले. प्रवासाची सोय फुकटच्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारणेत आली, एवढंही लेखकाला माहीत नाही. आणि शेवटचं वाक्य तुमच्याच शब्दांत : 'असल्या गोष्टीवेल्हाळ मंडळींनी स्ट्रॅटेजी गेमवर लिहू नये.'

आधी माझी चूक. 'टूर्स अँड टूर्नामेंट्स' ही डीएलसी, म्हणजे गेमची वेगळी विकली जाणारी भर, विकत घेतली की प्रवास मिळतो, असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. ११ मे २०२३ला डीएलसी आली तेव्हाच १.९ हा पॅचही आला आणि प्रवासाची मूळ व्यवस्था त्या पॅचमध्ये सगळ्यांना फुकट मिळाली. ग्रँड टूर (राजाचा मांडलिकांकडचा दौरा), मोठ्या टूर्नामेंट्स (सरदारांचे सामने), थाटाची लग्नं यांसाठी पैसे मोजावे लागतात. तुम्ही बरोबर, मी चूक. हे सांगायला एक ओळ पुरली असती, आणि त्या ओळीसाठी मी तुमचे मनापासून आभार मानले असते.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. चूक दाखवता दाखवता मी काय लिहावं आणि काय लिहू नये हेही ठरवून मोकळे झालात. हा सूर मला खटकला आणि तो खटकला हे मी लपवणार नाही. मी गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून मराठीत गेम्सवर लिहितो. मराठीत या विषयावर लिहिणारे किती आहेत हे तुम्हालाही ठाऊक असेल. त्यातल्या एकाला 'लिहू नये' असं सांगायचं तर त्यासाठी काहीतरी अधिकार हवा. निदान एक उदाहरण, तुमच्या खेळातला एक प्रसंग तरी हवा. तुमच्या प्रतिक्रियेत असं एकही उदाहरण नाही. बाहुली सरकली, एवढंच आहे.

अधिकाराचाच मुद्दा निघाला आहे तर माझाही सांगतो. 'क्रुसेडर किंग्ज २' २०१२ साली आला, तेव्हापासून मी ही मालिका खेळतो आहे. सुरुवातीची दोन वर्षं माझा कॉम्प्युटर इतका संथ होता की नकाशावरचं एक वर्ष सरायला जेवण उरकण्याइतका वेळ लागायचा. वहीच्या मागच्या पानांवर वंशावळी काढून मी कुणाचा मुलगा कुणाचा वारस हे जुळवायचो. तिसरा भाग १ सप्टेंबर २०२०ला आला आणि पहिल्याच आठवड्यात मी घेतला. हरलेल्या राज्यांच्या नोंदी माझ्याकडे अजून आहेत, आणि त्या जिंकलेल्यांच्या नोंदींपेक्षा जास्त आहेत. मला स्ट्रॅटेजी कळत नाही हे वाक्य तुम्ही कुणाबद्दल लिहिताय, याचा एकदा विचार करायला हवा होतात.

अजून एक गोष्ट सांगतो. लेखात ती नव्हती, कारण ती खासगी आहे. २०२३च्या उन्हाळ्यात पाय मोडून मी पाच महिने घरात पडून होतो. खोलीतून दारापर्यंत जायचं तर कुणाला हाक मारायची, कुबड्या कुठे आहेत, परत कसं यायचं, हे सगळं आधी ठरवावं लागायचं. त्याच दिवसांत हा पॅच आला. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाण्याला किंमत असते, हे मला त्या दिवसांत अंगावर कळत होतं. म्हणून त्या 'सरकणाऱ्या बाहुली'त मला जे दिसलं ते तुम्हाला दिसलं नसेल. ते दिसलं नाही याचा दोष मी तुम्हाला देत नाही. पण जे दिसलं नाही ते तिथे नाहीच, हा निकाल मात्र मला मान्य नाही.

आता तुमचं ते वाक्य. 'बाहुली सरकताना बघत बसणं, स्ट्रॅटेजी शून्य.'

पॅचच्या आधीचा खेळ आठवा. राजाने मेजवानी दिली की दूरचे मांडलिक कसे आले, किती दिवसांनी आले, वाटेत काय झालं, याचा काही हिशेब नव्हता. यात्रेला निघालेला राजा चार खिडक्यांमधून जाऊन यायचा, रस्ता असा कुठे नव्हताच. अंतर ही गोष्ट सैन्याला होती, माणसाला नव्हती. १.९नंतर माणूस नकाशावर कुठेतरी *असतो*. तो इथे असेल तर तिथे नसतो. मध्ययुगाचं सगळं राजकारण मला या एका गोष्टीवर उभं दिसतं.

माझ्याच खेळातलं उदाहरण देतो, कारण तुम्ही एकही दिलं नाहीत. १०६६चा आरंभ, आयर्लंडमधलं मन्स्टर, म्हणजे नवशिक्यांना शिकवणीसाठी देतात तेच राज्य. दोन पिढ्यांत बेट एकत्र आणलं. तिसऱ्या राजाला धर्मनिष्ठा (गेममध्ये ती गुणांत मोजतात) कमी पडत होती, म्हणून रोमची यात्रा ठरवली. प्रवासाची खिडकी उघडली. कोणता पट्टा किती धोक्याचा हे नकाशावर दिसतच होतं. समुद्रातून जवळचा रस्ता लाल. फ्रान्समधून लांबचा रस्ता बराच सुरक्षित, पण तिथून जायचं तर कितीतरी महिने जास्त. तिजोरीत सोनं कमी. तांड्याचा प्रमुख, म्हणजे कॅरव्हॅन मास्टर, म्हणून मी एका चुलतभावाला नेमलं होतं. तो त्या कामाचा नव्हता, पण त्याला खूश ठेवणं भाग होतं. जादा रक्षक घेतले नाहीत. मी जवळचा रस्ता निवडला. सतरा वर्षांचा थोरला मुलगा लवाजम्यात होता. वादळाची खिडकी उघडली आणि मुलगा गेला. राजा रोमला पोचला, धर्मनिष्ठा मिळाली, मनावरचा ताण मात्र दुप्पट झाला. घरी उरले दोन धाकटे, वारसाहक्काची पद्धत वाटणीची. राजा मेल्यावर दोन पिढ्यांनी जोडलेलं बेट दोन भावांत तुटलं.

यात मी किती निर्णय घेतले ते मोजा. रस्ता कोणता, पैसे कुठे वाचवायचे, पद कुणाला द्यायचं, मुलाला बरोबर न्यायचं की मागे ठेवायचं. प्रत्येक निर्णय माझा होता आणि प्रत्येकाची किंमत मीच मोजली. याला तुम्ही शून्य म्हणता. मग तुमच्या लेखी स्ट्रॅटेजी म्हणजे नेमकं काय? नुसती सैन्याची बेरीज?

आणि हे गेम बनवणाऱ्यांनी उगाच घातलेलं नाटक नाही. २५ नोव्हेंबर ११२०च्या रात्री नॉर्मंडीतल्या बार्फ्लर बंदरातून निघालेलं 'व्हाइट शिप' खडकावर आपटून बुडालं. त्यात इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीचा एकुलता एक औरस मुलगा विल्यम होता, वय सतरा. हेन्री स्वतः दुसऱ्या जहाजातून आधीच निघाला होता. ११३५मध्ये तो वारला आणि त्याची मुलगी मटिल्डा व भाचा स्टीफन यांच्यातल्या भांडणात इंग्लंड पुढची अठरा-एकोणीस वर्षं होरपळलं. एका रात्रीचा समुद्रप्रवास, एवढंच कारण. जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा हजारोंचं सैन्य घेऊन तिसऱ्या क्रुसेडला, म्हणजे धर्मयुद्धाला निघाला आणि १० जून ११९० रोजी आजच्या तुर्कस्तानातल्या सालेफ नदीत बुडून मेला. सैन्य कुणी हरवलं नव्हतं, पण राजा गेला आणि ते पांगलं. अनेकजण तिथूनच घरी परतले. हेही रस्त्यातच घडलं.

ग्रँड टूरबद्दल तर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही, सरसकट 'नटवेगिरी' म्हणून मोकळे झालात. राजा मांडलिकांच्या दारोदार का जातो? कारण त्या काळच्या जर्मन राजांना एक ठरलेली राजधानीच नव्हती. गोस्लार, आखेन, इंगेलहाइम अशा ठिकाणच्या राजवाड्यांतून दरबार फिरत असे, आणि राजा जिथे जाईल तिथे राज्य चालत असे. कॉनराड दुसरा १०२४मध्ये निवडून आला आणि लगेच राज्यभर फिरायला निघाला. निवडणुकीला सॅक्सन सरदार आले नव्हते. तो त्यांच्या मुलखातल्या मिंडेनला गेला, त्यांचा कायदा राखीन असं कबूल केलं, तेव्हा त्यांनी त्याला मानलं. राजा तिथे गेलाच नसता तर? गेममध्ये मांडलिकाची मर्जी घसरत चालली की मी दौऱ्याचा रस्ता त्याच्या वाड्यावरून नेतो तो यासाठी. कर वसूल करायला जायचं, धाक बसवायला जायचं की वैभव दाखवायला, हे आधी ठरवावं लागतं, आणि चुकीचं ठरवलं तर गेलेला पैसा आणि गेलेले महिने परत येत नाहीत.

जानेवारी १०७७मध्ये जर्मन राजा चौथा हेन्री बायको-मुलाला घेऊन भर थंडीत आल्प्स ओलांडून इटलीतल्या कानोसाला गेला आणि पोपच्या माफीसाठी किल्ल्याच्या दाराशी तीन दिवस ताटकळला. निरोप्या पाठवून ते काम झालं नसतं. त्याला स्वतः जावं लागलं. तुमच्या भाषेत तीही बाहुली सरकलीच.

थाटाच्या लग्नाचंही तेच. सोयरीक जमत नसेल तर 'लग्न मोठं करीन' असा शब्द देता येतो आणि समोरचा राजा तयार होतो. शब्द पाळला नाही तर तोच सोयरा उलटतो. हा करार आहे, आणि करार जमवणं हे स्ट्रॅटेजीचंच काम आहे. मेजवानीला जाताना मनात काय हेतू ठेवून जायचं, मैत्री की खून, हेही आता आपण निवडतो. टूर्नामेंटबद्दल एवढंच सांगतो की विल्यम मार्शल हा जमीन नसलेला धाकटा मुलगा अशाच सामन्यांत पकडलेल्या सरदारांच्या खंडणीवर वर आला आणि १२१६मध्ये लहानग्या तिसऱ्या हेन्रीच्या वतीने इंग्लंडचा कारभारी झाला. मैदानात गाजलेल्या नाइटला गेम किताब देतो आणि त्याचा फायदा पुढे सैन्याला होतो. हे तुम्ही वापरून पाहिलंत का?

तुमचे बाकीचे मुद्दे. खिडक्या पुन्हा येतात. येतात, शंभर तास खेळल्यावर कुठल्याही गेममध्ये येतात. गेम सोपा झाला. ज्याला सोपा वाटतो त्याने अवघड राज्य घ्यावं, नियम बदलायची सोय आहे. पैसे वाया गेले, हा तुमच्या पैशांचा प्रश्न आहे, त्यावर मी काय बोलणार? या तिन्हींत माझ्या लेखातलं काही खोटं ठरत नाही, म्हणून यांवर मी वेळ घालवत नाही.

मात्र एक गोष्ट तुम्ही पूर्ण विसरलात. सप्टेंबर २०२४मध्ये 'रोड्स टू पॉवर' ही आणखी एक डीएलसी आली. तिच्यात जमीनच नसलेला माणूस छावणी घेऊन नकाशाभर फिरतो, काम मिळेल तिथे मुक्काम करतो आणि जमलं तर शेवटी राज्य मिळवतो. तो सगळा खेळ २०२३च्या प्रवासव्यवस्थेवर उभा आहे. ही व्यवस्था नुसती शोभेची असती तर तिच्यावर पुढे एवढं बांधता आलं असतं?

'गोष्टीवेल्हाळ' या शब्दाचं मला वाईट वाटलं, ते शब्दामुळे नाही. मला गोष्टी आवडतात, आणि या गेममध्ये गोष्ट आणि डावपेच वेगळे काढता येत नाहीत असं माझं ठाम मत आहे. माझा आयरिश राजा रोमहून परतला तेव्हा किल्ल्यात थोरला मुलगा नव्हता, आणि पुढची वीस वर्षं मी खेळलेली प्रत्येक चाल त्या एका गोष्टीमुळे वेगळी होती. वाईट याचं वाटलं की तुम्ही तो शब्द शिवीसारखा वापरलात, तेही तुमच्यासारखाच हा गेम जिवापाड खेळणाऱ्या माणसाला. खेळता ना तुम्ही जिवापाड? नाहीतर रात्री पावणेदोनला एवढी लांब प्रतिक्रिया कोण लिहितं?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. पॅचबद्दलचं ते वाक्य आज सकाळी लेखात दुरुस्त केलं आहे आणि खाली 'एका वाचकाने लक्षात आणून दिलं' असंही लिहिलं आहे. नाव कळवलंत तर तिथे तुमचं नाव घालीन.