गरम नारळपाण्याने कर्करोग बरा होत नाही : एक खुलासा

पेल्यात नारळाचे दोन-तीन पातळ काप टाकून त्यांवर गरम पाणी ओतले की ते ‘अल्कधर्मी’ होते आणि कर्करोगाच्या पेशी मारते, असा संदेश मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे तत्कालीन संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरत आला आहे. हे विधान त्यांचे नाही. २०१९ मध्येच तसा स्पष्ट इन्कार करण्यात आला होता.

रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत राखण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे करतात. जठरातल्या तीव्र आम्लात मिसळणारे पेलाभर पाणी, गरम असो वा गार, तो बदलू शकत नाही.

शहाळ्याचे खरे गुण याहून साधे आहेत. उन्हातून आल्यावर ते तरतरी देते, त्यात साखर बेताची आणि पोटॅशियम भरपूर, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५० मिलिग्रॅम असते. परंतु सोडियम तुलनेने कमी असल्यामुळे तीव्र जुलाबांत ते ओआरएसची (क्षार-साखरेच्या द्रावणाची) जागा घेऊ शकत नाही, आणि ज्यांची मूत्रपिंडे नीट काम करत नाहीत त्यांच्या रक्तात हेच पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात, शुभकार्यात तो कलशावर विराजतो. या श्रीफळाच्या मानामुळेच असे संदेश (बहुधा फारशी शंका न घेता) पुढे पाठवले जात असावेत. कर्करोगाच्या रुग्णांनी शहाळे डॉक्टरांना विचारून जरूर प्यावे, मात्र त्यासाठी केमोथेरपीची एकही फेरी चुकवू नये.