डोंबिवली की मुलुंड, हे रविवारी ठरवू नका

मामेभावाचं लग्न ठरलंय, त्यामुळे सध्या घरशोध मोहीम जोरात आहे. परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, "दादा, तू दोन्हीकडे राहिलायस. एका वाक्यात सांग, डोंबिवली की मुलुंड?" एका वाक्यात बसेना, म्हणून इथे लिहितोय. त्याच्यासारखे अजून चार-पाच जण माझ्या यादीत असतीलच.

आधी माझी कुंडली. डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या निवासी विभागाच्या कडेला एकवीस वर्षं काढली. लग्न, मुलीचा जन्म, बाबांचं जाणं, सगळं तिथेच. चार वर्षांपूर्वी तिथला दोन बेडरूमचा फ्लॅट विकला आणि मुलुंड पूर्वेला एका बेडरूमचा घेतला. म्हणजे एक खोली कमी झाली आणि वर कर्ज झालं. नातेवाइकांत हा अजून चेष्टेचा विषय आहे. "अरे, लोक मोठ्या घरात जातात, तू लहान घरात गेलास!"

आता मुद्दा. घर बघायला सगळे रविवारी जातात, आणि रविवारच्या डोंबिवलीला तोड नाही. फडके रोडवर चक्कर मारा, गणेश मंदिरात जाऊन या, पै फ्रेंड्स लायब्ररीत पुस्तकं चाळा, येताना खाऊ घ्या. दर दहा पावलांवर कुणीतरी ओळखीचं भेटतं. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा 1999 मध्ये याच गावातून सुरू झाली आणि मग महाराष्ट्रभर गेली, हे डोंबिवलीकर तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. (मी अजूनही सांगतो.) लेखक शन्ना नवरे इथले, पु. भा. भावे इथले. मन भरून येतं आणि एजंटला टोकन दिलं जातं.

त्याच रविवारी मुलुंड बघा. अर्ध्या गल्ल्या रिडेव्हलपमेंटच्या पत्र्यांनी झाकलेल्या, सिमेंटचे मिक्सर वळताहेत, धूळ आणि ब्रेकरचा आवाज. सोसायटीच्या लिफ्टमध्ये माणूस तुमच्याकडे न बघता मोबाईलकडे बघतो. याच्यासाठी एवढे पैसे मोजायचे?

म्हणून म्हणतो, मंगळवारी बघा. मंगळवारी संध्याकाळी साडेसातला.

माझं ऑफिस फोर्टात. वेळापत्रक काढून बघितलं तर डोंबिवलीची फास्ट आणि मुलुंडची स्लो यांत जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा फरक आहे. सीएसएमटीपासून डोंबिवली 48 किलोमीटर, मुलुंड त्याहून सोळा-सतरा कमी. कागदावर एवढ्यासाठी कुणी एक खोली सोडत नाही. पण वेळापत्रकात सोडून दिलेल्या गाड्या छापलेल्या नसतात. डोंबिवलीला सकाळी 8:05 पकडायची म्हणजे ती, नाही जमलं तर पुढची, नाहीतर त्याच्या पुढची. डोंबिवलीहून सुटणारी लोकल आहे ना, असं बाहेरचे लोक म्हणतात. आहे. पण ती फलाटाला लागते तेव्हा दिवा-कोपरहून उलटे आलेले लोक आत आधीच बसलेले असतात. त्यांनाही दोष नाही, त्यांच्या स्टेशनात तर पाय ठेवायला मिळत नाही.

मुलुंडला कर्जत-कल्याणहून येणारी फास्ट तशीच तुडुंब असते, त्या बाबतीत गैरसमज नको. पण मला ठाण्याहून सुटणारी स्लो आहे. ठाण्यानंतरचं पहिलंच स्टेशन आमचं. बसायला मिळतंच असं नाही, पण आत उभं राहायला मिळतं, आणि भांडुप-विक्रोळीच्या दरम्यान कुणीतरी उठतंच. चार वर्षांत मी दारात लोंबकळलेलो नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारातली माणसं पडली, काही जीव गेले. ती बातमी मी ऑफिसात वाचली आणि पहिल्यांदा मनात आलं ते असं, की त्या वळणावर एकवीस वर्षं मी बॅग पोटाशी धरून, शेजाऱ्याच्या शर्टाला धरून उभा होतो. त्या दिवशी बायकोने फोन केला, पण दोघंही काही बोललो नाही.

तिचं तर गणितच वेगळं. तिचं ऑफिस विक्रोळीला. डोंबिवलीहून विक्रोळीला फास्ट थांबत नाही, म्हणजे चाळीस मिनिटांची स्लो, नाहीतर फास्टने ठाण्याला उतरून गाडी बदला. मुलुंडहून नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी. चौथं स्टेशन. ती आता सहा-चाळीसला घरी असते. पूर्वी सव्वाआठ व्हायचे, कारण उतरल्यावर शेअर रिक्षाची रांग असायची. रांगेत पंचवीस मिनिटं, मग मागे तिघं आणि चौथा ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर. रिक्षाला मीटर असतो हे आमच्या मुलीला मुलुंडला आल्यावर कळलं. इथेही मीटरने यायला नाही म्हणणारे भेटतात, पण मीटर असतो आणि तो पडतो, हे तिला नवलाचं वाटलं. आता तर स्टेशनवरून आम्ही चालतच येतो.

पाऊस हा आणखी एक मुद्दा, आणि इथे नकाशा बघायला हवा. मुलुंडहून मुंबईला सपाट रस्ता आहे. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी चढलं तर घाटकोपरपर्यंत पोचा, हायवेला या, बेस्टची बस, टेम्पो, काहीतरी मिळतं. अगदीच नाही तर चालत. डोंबिवली आणि ठाण्याच्या मध्ये खाडी आहे आणि पारसिकचा डोंगर आहे. रेल्वेने 1916 मध्ये त्याला बोगदा पाडला, रस्त्याने मात्र अजून वळसाच घालावा लागतो. एक शिळफाट्यावरून, एक भिवंडीकडून. आता खाडीवर माणकोलीचा पूल झाल्याने बरंच बरं झालंय, हे मान्य. तरी लोकल बंद म्हणजे डोंबिवली बेट. मी एकदा ऑफिसच्या टेबलावर झोपलोय, दोनदा दादरच्या मावशीकडे.

लोक एक ठरलेलं वाक्य टाकतात, "मुलुंडला सुविधा आहेत, पण माणसं डोंबिवलीत आहेत." मीही आयुष्यभर हेच म्हणायचो. मुलुंडला आल्यावर पहिलं वर्ष तर रोज म्हणायचो. मग एकदा शांतपणे हिशोब मांडला. सावित्रीबाई फुले कलामंदिर घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, तिथे एकवीस वर्षांत मी किती नाटकं बघितली? सहा. साहित्य संमेलन 2017 च्या फेब्रुवारीत आमच्या क्रीडासंकुलात भरलं, शुक्रवारी सुरू झालं, मी पोचलो रविवारी, समारोपाच्या भाषणांना. दिवाळी पहाटेला फडके रोडला दरवर्षी गेलो, खरंय. पण बाकीचे तीनशे दिवस? मी ज्या डोंबिवलीवर प्रेम करत होतो तिचा उपभोग घेत होती माझी आई. सकाळी अकरा वाजता गावात असणारी माणसं ते गाव जिवंत ठेवत होती. निवृत्त मास्तर, गृहिणी, शिकवण्या घेणाऱ्या बायका. आम्ही साडेआठला परत येऊन त्याचं श्रेय घ्यायचो.

त्यामुळे मुलुंडला येऊन कुणाचं नुकसान झालं असेल तर आईचं. तिचं भजनी मंडळ गेलं, कोपऱ्यावरची भाजीवाली गेली (आईची तिच्याशी वीस वर्षांची घासाघीस होती), समोरच्या काकू गेल्या. इथे पाचव्या मजल्यावर चार दारं आणि चारही बंद. पहिले सहा महिने ती दुपारी खिडकीत बसून समोरच्या इमारतीचं तोडकाम बघायची. मी विचारलं, "कंटाळा येतो का?" तर म्हणाली, "नाही रे, रोज एक मजला कमी होतो." ते वाक्य मला फार लागलं होतं.

आता तिनेच तोडगा काढलाय. दर गुरुवारी साडेअकराच्या सुमाराची डाऊन गाडी पकडते, त्या वेळी डबा रिकामा असतो, खिडकी मिळते. पंचवीस मिनिटांत डोंबिवली. मंदिर, काकू, भाजीवाली, आणि चारच्या आत परत. तिकडची गर्दी तिला लागत नाही, कारण ती गर्दीच्या उलट्या बाजूने जाते. मधल्या दिवसांत महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयात जाते, पण त्यासाठी पूल चढून पश्चिमेला जावं लागतं आणि गुडघे कुरकुरतात.

मुलीचं मात्र सोनं झालं. कालिदास नाट्यगृहाच्या क्रीडासंकुलात पोहायला जाते, एकटी. डोंबिवलीत तिला एकटीने रस्ता ओलांडू द्यायला मी तयार नव्हतो. फुटपाथ कुठे होता? होता तिथे दुकानाची पायरी होती.

हवेबद्दल जास्त लिहीत नाही, कारण डोंबिवलीकर चिडतात आणि त्यांचं चिडणं मला कळतं. 2014 ला हिरवा पाऊस पडला, 2020 ला रस्ता गुलाबी झाला, दोन्ही वेळा सगळ्या महाराष्ट्राने मीम्स केले. मे 2016 मध्ये एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात आमच्या स्वयंपाकघराची काच आली ती थेट ओट्यावर. आई दोनच मिनिटांपूर्वी तिथून उठली होती. पुन्हा मे 2024 मध्ये स्फोट झाला तेव्हा आम्ही मुलुंडला होतो, आणि मला सुटल्यासारखं वाटलं याची नंतर लाज वाटली. रात्री दोन वाजता येणारा तो रासायनिक वास ज्याने घेतलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. मुलुंड काही हिमाचल नाही. इथलं डम्पिंग 2018 ला बंद झालं, पण बांधकामाची धूळ रोज पुसावी लागते, आणि कांजूरच्या डम्पिंगचा वास बायको ऑफिसात घेतेच. नॅशनल पार्क पश्चिमेला आहे, त्याचा अभिमान सगळ्या मुलुंडला. जानेवारी 2018 मध्ये तिथला बिबट्या थेट पूर्वेला नाणेपाड्यात आला होता.

खरा फरक कुठला, तर घरपट्टीच्या पावतीवरच्या नावाचा. मुलुंड हे मुंबई महापालिकेचं शेवटचं टोक. चेकनाका ओलांडला की ठाणे. या रेषेच्या आत आहे म्हणून बेस्ट येते, म्हणून नळाला भातसा-तानसाचं पाणी येतं, आणि माझं घर 500 चौरस फुटांच्या आत आहे म्हणून 2022 पासून मालमत्ता करही माफ. गंमत बघा, ते पाणी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातून येतं, जिथे एप्रिलमध्ये गावांना टँकर लागतात. म्हणजे मुलुंडच्या माणसांनी काही पुण्य केलंय असं नाही. रेषा तिथे पडली. डोंबिवलीची महापालिका 1983 मध्ये झाली आणि तिला 27 गावं आत घ्यायची की बाहेर ठेवायची याचाच घोळ किती वर्षं चालला! आधी आत, 2002 ला बाहेर, 2015 ला पुन्हा आत. या घोळात इमारती मात्र कुणाला न विचारता उभ्या राहिल्या. (वीज दोन्हीकडे महावितरणचीच. तिथे समानता आहे.)

मुलुंडचं एक दुखणं सांगितलं पाहिजे. 2023 मध्ये इथल्या पश्चिमेला एका मराठी बाईंना मराठी म्हणून ऑफिससाठी जागा नाकारली गेली, ते प्रकरण सगळ्यांनी बघितलं. पूर्वेला मला असा अनुभव नाही. तरीही डोंबिवलीत "आपण कोण" हा प्रश्न कधी डोक्यातच येत नाही, इथे अधूनमधून येतो. त्याची किंमत कशात मोजायची ते मला माहीत नाही, पण ती आहे.

तर भावा, तुझ्यासाठी. डोंबिवलीत घेणार असशील तर घर बघण्याआधी कागद बघ. खोट्या परवानग्यांवर रेराचे (गृहप्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचे) नंबर मिळवलेल्या 65 इमारतींवर हायकोर्टाने हातोडा चालवायला सांगितलंय, आणि त्यांत राहणाऱ्यांनी बँकेकडून कर्ज घेऊनच फ्लॅट घेतले होते. "बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद ठीक" हे वाक्य डोक्यातून काढ. महापालिकेत जाऊन बांधकाम परवानगी स्वतः तपास. मुलुंडला घेणार असशील तर रिडेव्हलपमेंटला गेलेली सोसायटी आहे का, आणि बिल्डर भाडं वेळेवर देतोय का, हे तिथल्या जुन्या रहिवाशांना विचार. ऑफिसात बसलेल्या सेल्सच्या मुलाला नको.

आणि तू म्हणतोस की होणाऱ्या वहिनींचं ऑफिस ऐरोलीला आहे. मग माझा हिशोब तुला लागूच होत नाही. डोंबिवलीहून त्यांना ठाण्याला गाडी बदलावी लागेल, मुलुंड पूर्वेहून ऐरोली पुलावरून बस आहे, पण पुलाच्या तोंडाशी संध्याकाळी काय होतं ते बघायला हवं. येत्या मंगळवारी सव्वासातला ठाण्याला नऊ नंबर फलाटावर भेट, ट्रान्सहार्बरच्या (ठाण्याहून ऐरोली-वाशीकडे जाणाऱ्या लोकलच्या) जिन्यापाशी. वहिनींना घेऊन ये. तिथून आधी डोंबिवलीचा फ्लॅट बघू. बसायला मिळणार नाही, बॅग पुढे घाल.